धरूक कोण?

परबबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी पायऱ्या मोजतात. नुसत्या मोजत नाहीत. पदर खोचून, वाकून, प्रत्येक पायरीची उंची वितीने घेतात. वर पोचल्या की उजवा गुडघा धरून मिळेल त्या दगडावर बसतात. त्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरून वर्ष होत आलं. तारखेआड आधी काजूचा हंगाम आला, मग चतुर्थी.

आम्ही दोघी तालुक्यातल्या शाळांत फिरणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. त्या तीस वर्षं, मी दोन. मुलांचे डॉक्टर गोव्याला नाहीतर कोल्हापूरला, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर बाईंचा विश्वास नाही. "डॉक्टराक पाय दिसता, वाट दिसणा नाय." म्हणून प्रत्येक मुलामागे बाईंचा एक कागद डॉक्टरकडे जातो. घरापासून शाळेपर्यंतच्या पायऱ्या, ओढ्यावरचा साकव, अंगावर येणारा कुत्रा, सगळं त्यात असतं. शेवटचा रकाना, 'धरूक कोण?' मुलाला धरायला घरी कोण आहे, त्याचं नाव आणि शेरा. 'आजी. हात थरथरता, पण ध्यान आसा.' 'काका. बळ आसा. मोबायल काढून घेवचो.'

गोव्याच्या सर्जननी एकदा फोन करून विचारलं, एक वीत म्हणजे किती सेंटिमीटर? बाई शांतपणे म्हणाल्या, "माझी की तुमची?"

ते खूप हसले होते. मग तिसरीतल्या सानिकाच्या टाचेचं ऑपरेशन झालं. घरी जिना आहे का, असं त्यांनी तिच्या आईला विचारलं. आई मासे विकते; तिने खरं तेच सांगितलं, नाही. घर एकमजलीच होतं. फक्त रस्त्यावरून घरी उतरायला जांभ्याच्या एक्केचाळीस पायऱ्या होत्या. 'चालू दे' अशी चिठ्ठी आली आणि मी तिला चालवायला निघालेही होते. बाईंनी मला थांबवलं, कागद पाठवला. सर्जनचं उत्तर आलं: पायऱ्या महिनाभर बंद, उचलून न्या.

तेव्हापासून ते सर्जन बाईंच्या कागदाशिवाय आमच्या भागातल्या कुणालाच ऑपरेशनची तारीख देत नाहीत. बाईंनाही नाही. हे मला कळलं ते सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा. परबबाईंचा स्वतःचा कागद अजून आला नव्हता.

रविवारी मी कुणकेश्वरला त्यांच्या घरी गेले. कागद तयार होता, कपाटात साड्यांखाली. बावीस पायऱ्या, विहिरीची वाट, एक हलणारा दगड. फक्त शेवटचा रकाना कोरा, आणि तिथे खोडून खोडून कागद झिरझिरीत झालेला.

"भावाचा नाव घातलंय, खोडलंय," बाई म्हणाल्या. "तो पुण्याक. डॉक्टराक खोटा कसा सांगू?"

मी पेन घेतलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.

बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग पेन माझ्या हातातून ओढून घेतलं आणि नावापुढे शेरा मारला:

'बोलणा नाय. सोडूची नाय.'