कर्णिकबाईंची भुतं

कर्णिकबाई भुताच्या सिनेमात हसतात. गालातल्या गालात नव्हे, खो-खो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पडद्यावर विहिरीतून एक ओला हात वर येत असतो, सगळं थिएटर श्वास रोखून बसलेलं असतं, आणि तेवढ्यात मधल्या रांगेतून बाईंचा खणखणीत आवाज येतो, "अगं, नखं तरी कापायची!" पुढचे लोक वळून बघतात. त्या वेळी मी मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत असते.

इंदिरानगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये बाई एकट्या राहतात. मुलींच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना दुकानाच्या पाटीवरही खपत नाही. आमच्या लिफ्टमधली 'दार निट लावा' ही सूचना त्यांनी लाल पेनाने दुरुस्त केली आहे. नाशकातल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी असाव्यात. भाजी घ्यायला निघाल्या तरी कोणीतरी स्कूटर बाजूला लावून पाया पडतं. आणि अशा बाईंना वेड कसलं, तर भुताखेतांचं! सिनेमा, वेब सिरीज, कॉमिक, काहीही चालतं. फक्त त्यात कोणीतरी मेलेलं असून हिंडत असलं पाहिजे.

या वेडाची त्यांना भयंकर लाज वाटते. म्हणून त्यांनी ती लाज सरळ माझ्या नावावर करून टाकली आहे.

सुरुवात तिकिटापासून झाली. "अश्विनी, ते मोबाइलवर काढतात ना, तसं तिकीट काढून दे बाई. दोन काढ. तूही चल." आता, मी पालीला घाबरणारी बाई. पहिला सिनेमा मी ओढणीच्या विणीतून पाहिला. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत एक चाळिशीची बाई समोर उभी राहिली. "अय्या, बाई! तुम्ही? या पिक्चरला?"

बाईंनी पापणीही न हलवता माझ्याकडे बोट केलं. "हिला आवडतात गं असले सिनेमे. एकटीला भीती वाटते म्हणाली, म्हणून आले सोबतीला."

मी दात काढून हसले. दुसरं काय करणार?

मग हे वाढतच गेलं. बाईंची कॉमिक्स माझ्या नावाने यायला लागली. एकदा पाकीट फाटलं, तर वॉचमनने सगळ्यांसमोर हाक मारली, "मॅडम, तुमचं भुताचं आलंय!" सासूबाईंनी मला देवघराशी बोलावून हळूच विचारलं, "तुझं घरात मन रमत नाही का गं?"

बाईंची समीक्षा मात्र ऐकण्यासारखी असते. "पात्ररचना कच्ची आहे," रिक्षात बसता बसता त्या म्हणतात. "सूड घ्यायला निघालीये आणि केस मोकळे? कुठलीही बाई कामाला लागताना आधी केस बांधते." सिनेमा फारच वाईट असला तर एवढंच, "भुताला वळण नाही."

गेल्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. विषय, मुलांवरचे वाचनसंस्कार. आग्रहाने मलाही नेलं. सभागृह भरलेलं होतं, माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकाही आल्या होत्या. बाई रंगात आल्या होत्या. "मुलांच्या हातात काय पडतं, इकडे आपलं लक्ष हवं," असं म्हणत त्यांनी एक उतारा वाचायला पिशवीतून चष्मा काढला. चष्म्याबरोबर एक कॉमिक बाहेर आलं आणि व्यासपीठावरून खाली, पहिल्या रांगेपुढे जाऊन उताणं पडलं. मुखपृष्ठावर शालू नेसलेली नवरी. तिचं मुंडकं तिच्याच हातातल्या पूजेच्या ताटात.

एका कार्यकर्त्याने ते उचललं आणि भाबडेपणाने मोठ्यांदा वाचलं, "बिनमुंडक्याची नवरी."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांची नजर सभागृहभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. "अश्विनी, तुझं... माझ्या पिशवीत राहिलं का गं?"

मी उठले. "हो बाई. माझंच." सगळ्यांसमोरून पुढे जाऊन ती नवरी घेतली, छातीशी धरली आणि परत जागेवर येऊन बसले. कोणीतरी फिसकन हसलं. मुलीच्या शिक्षिका माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. माझे कान तापले होते. बाईंना पुढचं वाक्यच सुचेना. कसंबसं आवरतं घेऊन त्या खाली बसल्या.

परतताना रिक्षात बसलो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला बाई म्हणाल्या, "मी चुकले."

"असू द्या हो."

"असू द्या कसं? खोटं बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करायचे." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "तुला भर सभेत खाली बघायला लावलं. या वयात मला हे शोभत नाही."

मला राहवलं नाही. "पण बाई, एवढं लपवायचंच असेल तर घरी बघा ना. एवढा मोठा टीव्ही आहे तुमच्याकडे. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"घरी बघितलं की. घरी मजा येत नाही." सिग्नल सुटला. रिक्षाच्या आवाजात त्यांचं पुढचं बोलणं मला वाकून ऐकावं लागलं. "थिएटरात पलीकडच्या खुर्चीवर कोणीतरी अनोळखी पोर असते. पडद्यावर काही झालं की दचकून माझा हात घट्ट धरते. तिच्या ते लक्षातही नसतं. मग 'सॉरी हं आजी' म्हणून सोडते." चष्मा सारखा करत म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून पाया सगळे पडतात गं. हात कोणी धरत नाही."

इतके सिनेमे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले, आणि दर वेळी घाबरून धरली ती माझीच ओढणी. मांडीवरची ती नवरी मी उलटी करून ठेवली. घर येईपर्यंत बाईंकडे बघायचा धीर झाला नाही.

पुढच्या शुक्रवारी मी आपणहून तिकिटं काढली. बाई नाही-नाही म्हणत होत्या, पण आल्या. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर छान ऊन पडलेलं, नायिकेची आई ओट्याशी चहा गाळत होती. मी बाईंचा हात घट्ट धरला.

"अगं, अजून काही झालंच नाहीये," त्या कुजबुजल्या.

"मला आत्तापासूनच भीती वाटतेय."

बाईंनी हात थोडा वळवून माझी बोटं आपल्या बोटांत नीट अडकवून घेतली.