फ्रेंचवाले दामूअण्णा

सकाळी पेणची एस.टी. गाठायला मी डबा सावरत पळत असताना वाट अडवून "सा वा?" असं विचारणारा माणूस सबंध रोह्यात एकच. आमचे शेजारी दामूअण्णा. याचा अर्थ म्हणे, 'बरं चाललंय ना?' उत्तरही 'सा वा' असंच द्यायचं. नाही दिलं तर गृहस्थ फाटकातून हलत नाही. एस.टी. गेली तरी बेहत्तर!

अण्णा कंपनीत ड्रायव्हर होते. नवं मशीन बसवायला एक फ्रेंच साहेब आला, त्याला अण्णांनी काही महिने रोहा-मुंबई फिरवलं. साहेब मायदेशी गेला, फ्रेंच आमच्या गळ्यात बांधून. तीही सगळी नाही, नुसतं 'जाणे' हे क्रियापद तेवढं. ड्रायव्हरशी साहेब दुसरं बोलणार तरी काय? "ऑनी वा" म्हणजे निघू या. "आलोंझी" म्हणजे चला. "मास्तर, तेवढ्यावर आख्खा फ्रान्स चालतो बघा!" अण्णा मला सांगायचे. चालू दे ना बापडा! पण मच्छीवालीला कशाला ऐकवायचं? ती एकदा कोयता आपटून म्हणाली, "सा वा ऱ्हाऊ दे, कोलंबी घेताय का नाय?"

गंमत म्हणजे मराठीतला 'जा' अण्णांना वर्ज्य. निघताना 'येतो' आपण सगळेच म्हणतो, पण अण्णांचा कहर. त्यांच्या ओट्यावरून उतरताना माझ्या बायकोच्या तोंडून एकदा "जाते हं" निसटलं, तर तिला परत घरात बसवून, पाणी पाजून "येते" म्हणायला लावलं. इकडे आमचं दूध उतू गेलं! मी तणतणत जाब विचारायला गेलो.

"आमच्या शुभाची आय माहेरी, जिते गावाला निघाली ती 'जाते' म्हणून," अण्णा म्हणाले. "तापानं तिथंच गेली. तो शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाय."

दुधाचा हिशेब तिथंच सोडून मी घरी आलो.

शुभा त्यांची एकुलती लेक. नर्स झालेली. तिला दुबईच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. मला म्हणाली, "काका, बाबांनी एकदा 'जा' म्हटलं की निघते. त्यांचं मन मोडून नाय जायची मी." आणि अण्णा? विषय काढला की झाडांना पाणी घालायला पसार! शेवटी मी खेकसलो, "अहो, पोरीचं नशीब अडवून बसलाय तुम्ही!"

"मी कुठं अडवलंय?"

"मग म्हणा की जा!"

गृहस्थ बादली उचलून झाडांकडे! भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, दुसरं काय!

निघायचा दिवस आला. दारात एजंटाची जीप, आत आणखी दोन मुली. शुभा बॅग घेऊन पायरीवर उभी, डोळे बापाकडे. जीपवाला हॉर्न वाजवतोय. म्हाताऱ्याला धरून गदागदा हलवावं असं मला झालं होतं. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. आणि एकदम ओरडले, "वाझी, शुभे! वाझी!"

ती भांबावली. इतकी वर्षं छळ सोसून तेवढी फ्रेंच मला येत होती. "अगो, जा म्हणतायत तुला!" मी म्हणालो. तिनं बापाला घट्ट मिठी मारली, "येते बाबा" म्हणाली आणि जीपमध्ये चढली.

अण्णा ओट्यावर बसले. शाळेला दांडी मारून मीही शेजारी टेकलो. "आता नागोठणं आलं असंल," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "वडखळ. तिथं गर्दी लागते." मग पेण, मग पनवेल. कुठल्या वळणाला गिअर बदलायचा तेसुद्धा सांगत होते. असं करत करत दुपारी त्यांनी लेकीला विमानतळाच्या दारात नेऊन सोडलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तिथनं पुढचा रस्ता मला ठाव नाय हो."