गालात धरायचं, चावायचं नाही

चावायचं नाही.

एक जुनं क्रिकेटचं पॅड, डाव्या पायाचं.

तंबाखूच्या वखारीत उभी हयात काढलेला आणि तंबाखू कधीही तोंडात न घातलेला माणूस.

लिंबाच्या फोडीने घासून घासून लाल झालेली बोटं.

खडेबाजारात एक चार वर्षांचा मुलगा मान हलवतो. नाही सांगणार.

स्टीलचा डबा. त्याला कुलूप.

आवाज

चॉकलेटचं परीक्षण करायचं तर रंग बघायचा, मोडताना आवाज ऐकायचा, मग वास, मग चव, आणि शेवटी तोंडात मागे काय उरतं ते. वडगावच्या आशुतोषला हे सगळं पाठ होतं. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तो आठवडाभर लोखंडी भागांतले दोष शोधायचा आणि सुटीच्या दिवशी चॉकलेटमधले गुण. कुठूनकुठून मागवलेली काळीकुट्ट चॉकलेटं फोनसमोर बसून चाखायचा, त्यांच्याबद्दल बोलायचा, आणि बऱ्यापैकी लोक ते ऐकायचे.

अडचण एकच होती. चांगलं चॉकलेट मोडताना 'टक' असा आवाज येतो, आणि आशुतोषच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते. म्हणून तो करंट जायची वाट बघायचा. करंट गेला की माग थांबत, गल्ली शांत होई आणि आशुतोष खोलीचं दार लावून घेई.

पण माग थांबले की शेजारी मागावर काम करणाऱ्या चंपाबाईही मोकळ्या होत.

त्या रविवारी त्या पातेलं परत द्यायला मागच्या बाजूने आल्या. खिडकीतून त्यांना दिसलं ते असं: आशुतोषने चिमटीत काळपट काहीतरी धरलं. अंगठ्याने चोळलं. नाकाशी नेऊन डोळे मिटून हुंगलं. मग गालात सारलं आणि मान मागे टाकून फोनला म्हणाला, "चावायचं नाही. गालात धरून ठेवायचं. हळूहळू रस सुटतो. डोकं कसं शांत होतं." थोड्या वेळाने त्याने कोमट पाण्याने चूळ भरली आणि ती तपकिरी चूळ खिडकीबाहेर टाकली. मग पुढची चिमूट उचलली.

चंपाबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या.

"आक्का, तुझं पोरगं तंबाखू खातंय."

"कोण? आशुतोष?" वासंतीबाई हसल्या. "तो चॉकलेट खातो हो."

"येवढं घोडं झालेलं पोरगं दार लावून चॉकलेट खातंय व्हय? आणि चॉकलेट खाऊन थुकतंय कोण? ह्यो बघ माझा पाय. तुला दाखवायचा म्हणून अजून धुतला न्हाय."

वासंतीबाईंनी पाय बघितला आणि त्यांचं हसू गेलं. कारण बुधवारी निपाणीचे सुबराव घर बघायला येणार होते. त्यांची मुलगी सुवर्णा आशुतोषला आवडली होती, इतकी की तिला भेटून आल्यापासून तो प्रत्येक चॉकलेटला एक गुण जास्तच देत होता. सुबरावांची तंबाखूची वखार होती. आणि त्यांची एकच अट होती, जी चंपाबाईंनीच आणून पोचवली होती: "हुंडा नको, मानपान नको. पोरगं तंबाखू खाणारं नको. आयुष्यभर विकलीया मी. काय विकलंय ते मला म्हाईत हाय."

रंग

तपकिरी. चॉकलेटचाही आणि तंबाखूचाही. यावर अधिक काही सांगण्यासारखं नाही.

पुन्हा आवाज, या खेपेला वासंतीबाईंचा

वासंतीबाईंनी घर उलटंपालटं केलं. गाद्या झाडल्या, खिसे उलटे केले, शेवटी माळ्यावर चढल्या. तिथे आशुतोषची शाळेतली क्रिकेटची पॅडं होती. डाव्या पायाच्या पॅडमध्ये, कापूस निघून गेलेल्या जागी, तंबाखूची पुडी होती आणि चुन्याची डबी.

"आशुतोष!"

"माझी नाही ती, आई."

"पॅड कुणाचं?"

"पॅड माझं."

"मग झालं तर."

आशुतोषचे वडील मार्तंडराव निवृत्त शिक्षक. शाळेत असताना दर वर्षी व्यसनांवरचं भाषण तेच करत. ते दारात उभे राहून पुडीकडे बघत होते, जरुरीपेक्षा अंमळ जास्त वेळ.

"अहो, बघताय काय नुसतं? बोला की त्याला!"

मार्तंडरावांनी घसा साफ केला. "तरुणांनो," ते समोरच्या एकाच तरुणाला म्हणाले, "व्यसन म्हणजे..." आणि भाषण सुरू झालं. त्यांना दरदरून घाम फुटला होता. मुलाच्या काळजीने, असं वासंतीबाईंना वाटलं.

"आई, ते खरंच चॉकलेट असतं गं," आशुतोष कळवळून म्हणाला. "तू खाऊन तर बघ."

वासंतीबाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा आवळला. "कडूजार आहे मेलं! याला चॉकलेट म्हणतोस?"

"नव्वद टक्के आहे ते."

"नव्वद टक्के काय? तंबाखू?"

"कोको!" तो ओरडला आणि पुरावा म्हणून घाईघाईने फोन काढून स्वतःचंच एक परीक्षण लावलं. घाईत निवड चुकली. फोनमधला आशुतोष डोळे मिटून म्हणत होता, "अहाहा. आधी ओली माती. मग जुनं चामडं. आणि शेवटी, अगदी शेवटी, वाळलेल्या तंबाखूचा सुंदर दरवळ."

"सोताच्या तोंडानं बोलतंय बघ आक्का!" चंपाबाई म्हणाल्या. "आणि माती न् चामडं बी खातंय."

वासंतीबाईंनी मग घरातली होती नव्हती ती सगळी चॉकलेटं गोळा केली, पुडी आणि चुन्याची डबी त्यांच्यावर ठेवली, सगळं एका स्टीलच्या डब्यात भरलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"आई, चॉकलेट शेजारचा वास ओढून घेतं. त्यांना एकत्र नको ठेवू."

"घेऊ दे ओढून. तुझे गुण एका जागी तरी राहतील."

बुधवारपर्यंत आशुतोषला उठताबसता वेलची मिळाली आणि बोटं घासायला लिंबाच्या फोडी. त्या दिवसांत मार्तंडरावच फार चिडचिडे झाले. चहाला नावं ठेवत, वर्तमानपत्र एकाच पानावर धरून बसत, आणि विनाकारण शिडी लावून माळ्यावर जाऊन येत. "बापाचं काळीज आहे," वासंतीबाई चंपाबाईंना म्हणाल्या. "बोलत नाहीत, पण आत तुटतंय."

वास

सुबराव सुवर्णाला घेऊनच आले. "घर हिला बघू दे," ते म्हणाले. "नांदायचं तिला हाय, मला न्हाय." धिप्पाड माणूस, पांढरा शर्ट, आणि नाक असं की चेहऱ्यावर बाकीचं सगळं नंतर बसवल्यासारखं.

पोह्यांचा पहिला घास तोंडाशी नेला आणि सुबराव थांबले. नाक वर झालं. डावीकडे वळलं. उजवीकडे वळलं.

"घरात तंबाखू हाय."

नेमका तेव्हाच करंट गेला. दोन्ही बाजूंचे माग थांबले. असल्या शांततेत आशुतोष एरवी चॉकलेट मोडायचा.

"न्हाय ओ दादा! हितं कुठली आलीय तंबाखू!" चंपाबाई म्हणाल्या, पण फार लवकर म्हणाल्या.

सुवर्णाने आशुतोषकडे बघितलं. ती नजर काही त्याला सोसेना. "मी चॉकलेट चाखतो," तो उभा राहून म्हणाला, "चाखतो आणि त्याच्यावर बोलतो. गालात धरतो ते चॉकलेट. घरात सगळ्यांना वाटतं तंबाखू. आई, डबा उघड."

वासंतीबाई मानेने नको नको म्हणत होत्या. पण सुबरावांनीही "उघडा की" म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि डबा जेमतेम किलकिला करून एकच वडी घेऊन आल्या. आशुतोषने ती सुबरावांच्या हातात दिली. "हुंगून बघा. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

सुबरावांनी हुंगलं. "ह्यात तंबाखू हाय."

आशुतोषने वडी परत घेऊन हुंगली. होती. इतकी स्पष्ट होती की परीक्षणात सांगायला त्याला एका शब्दाचाही विचार करावा लागला नसता. चंपाबाईंनी कपाळाला हात लावला. सुवर्णा खाली फरशीकडे बघू लागली.

"दम धरा," सुबराव म्हणाले. त्यांनी वडी मोडली आणि आतली बाजू नाकाशी नेली. "आत न्हाय. वरनं लागलीय. शेजारी ठेवलीवती कुणीतरी." मग पुन्हा वरची बाजू. या वेळी ते बराच वेळ हुंगत राहिले आणि त्यांची भुवई चढली. "आणि ही तर आमच्याच वखारीतली हाय की! पोरा, हात दाव."

आशुतोषने दोन्ही हात पुढे केले.

"लिंबू," सुबराव हुंगून म्हणाले. मग डावा तळवा उजेडात धरून पाहिला. "रोज चुना चोळणाऱ्याचा तळवा असा नसतोय. ह्यो तंबाखू खात न्हाय. मग खातंय कोण?"

सुबरावांनी एकेकाकडे बघितलं. चंपाबाईंनी न विचारताच दोन्ही तळवे दाखवले. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. खस, खस, खस.

मार्तंडराव खुर्चीत बसले होते. नजर शून्यात होती. उजवा अंगठा डाव्या रिकाम्या तळव्यावर फिरत होता. चांगलं मळून झाल्यावर त्यांनी चट, चट अशा दोन टाळ्या मारल्या, नसलेला चुरा फुंकून टाकला, नसलेली चिमूट उचलली आणि खालचा ओठ पुढे ओढला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सगळं घर आपल्याकडे बघतंय. हात तिथेच, ओठापाशी राहिला.

"अगं बाई!" वासंतीबाईंनी हात जोडले. "तुम्ही होय! देव पावला हो! मला वाटलं पोरगंच."

"सुटलो गं आक्का!" चंपाबाईंनी पदराने डोळे टिपले.

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आशुतोषने पुढे केलेले हात आता कुठे खाली घेतले. वासंतीबाई हसत हसत सुबरावांच्या बशीत आणखी पोहे वाढू लागल्या, सुवर्णालाही वाढले, मार्तंडरावांना वाढायला वळल्या, आणि डाव हवेत तसाच थांबला.

"म्हणजे... तुम्ही?"

चव

"अट पोराची होती," सुबराव म्हणाले, "बापाची न्हवती. आणि मास्तर तर आमचंच गिऱ्हाईक निघालं. गिऱ्हाइकाला नावं ठिवून कसं चालंल?" मग ते खुर्ची ओढून मार्तंडरावांजवळ बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पण मास्तर, सोडा आता. व्यापारी म्हणून न्हाय सांगत. व्याही म्हणून सांगतोय."

व्याही हा शब्द ऐकल्यावर वासंतीबाईंनी डाव खाली ठेवला. बाकीचं त्यांनी पाहुणे गेल्यावर बोलायचं ठरवलं.

सुवर्णाने टीपॉयवरची अर्धी वडी उचलली. "हे गालात धरायचं?"

"हो," आशुतोष म्हणाला. "पण ही नको. बिघडलीय ही."

"असू दे." तिने तुकडा गालात सारला आणि डोळे मिटले. सुबरावही घास चावायचे थांबले.

"आधी कडू," ती म्हणाली.

"मग?"

"मग पण कडूच."

"आणि शेवटी?"

तिने तुकडा या गालातून त्या गालात नेला. "लहानपणी वखारीत लपाछपी खेळायचो आम्ही. पोत्यांच्या मागे बसलं की असाच वास यायचा. आप्पा शोधत यायचे." सुबराव दुसरीकडे बघू लागले. तिने एक डोळा उघडला. "आता चावू का? लई वेळ झाला."

तेवढ्यात करंट आला आणि दोन्ही बाजूंचे माग सुरू झाले. आशुतोष काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण सुवर्णाला बहुधा कळलं, कारण तिने कराकरा चावून टाकलं.

मागे उरतं ते

साखरपुडा झाला. क्रिकेटची पॅडं भंगारात गेली. मार्तंडराव आता जेवण झालं की पडवीत बसतात, वासंतीबाई मोजून देतील तो नव्वद टक्क्यांचा एक तुकडा गालात धरतात आणि डोळे मिटतात. कुंपणापलीकडून चंपाबाई रोज विचारतात, "मास्तर, चॉकलेटच हाय न्हवं?" मार्तंडराव तोंड उघडून दाखवतात. रंगावरून काही कळत नाही. चंपाबाई वाकून वास घेतात आणि मगच मागावर जातात.

आशुतोषला आयुष्यातलं पहिलं चॉकलेट मार्तंडरावांनी खडेबाजारात घेऊन दिलं, तो चार वर्षांचा असताना, पानाच्या ठेल्यापाशी त्यांना मळताना पाहिलेलं आईला सांगायचं नाही या बोलीवर.