हौसा वानरीनं नाव घेतलं

एका जंगलात, पोरांनो, दोन म्हातारी वानरं राहायची. कुठल्या जंगलात ते विचारू नका. सांगितलं तर तुम्ही तिथं सहल काढाल आणि प्लास्टिक टाकून याल.

वानराचं नाव गेनबा. त्याची बायको हौसा. एकाच उंबराच्या झाडावर दोघांनी चाळीस पावसाळे काढले होते. भांडत काढले होते. न भांडता कोणी चाळीस काढले असतील तर मला आणून दाखवा.

त्या जंगलात एक रीत होती. वानरीनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. 'हे' म्हणायचं. 'अहो' म्हणायचं. फारच राग आला तर दात खाऊन 'अहो' म्हणायचं. पण नाव नाही. नावाच्या आसपासचा शब्दसुद्धा नाही. तिकडं झेंडूला गेंदा म्हणतात. हौसा 'ते पिवळं' म्हणायची.

पलीकडच्या जांभळावर वाघोजी नावाचा वानर होता. त्याच्या बायकोनं एकदा झाडाखाली वाघ पाहिला. आता ओरडायचं काय? ती ओरडली, "अगंबाई, हे आले!" सगळ्यांना वाटलं वाघोजी आला. कोणी हललं नाही. दोन वानरं गेली. तिनं रीत मोडली नाही म्हणून तिचा सत्कार झाला. गेलेल्यांचं कोणी काही बोललं नाही.

तर अशा जंगलात हौसा विसरायला लागली.

आधी ती उंबरं तोडायची आणि कावळ्याच्या घरट्यात ठेवून यायची. कावळ्यानं तीन महिने तोंड उघडलं नाही, खाण्यापुरतंच उघडलं. मग ती लेकीला बहिणीच्या नावानं हाक मारायला लागली. मग एक दिवस आपल्याच झाडावर बसून म्हणाली, "अहो, उठा आता. घरी जाऊ या."

"हेच घर," गेनबा म्हणाला.

"हे होय? बरं." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, उठा आता."

गेनबा घाबरला. त्याची भीती एकच होती. झाड विसरली, विसरू दे. लेकीला विसरली, लेक दोन दिवस रडेल आणि गप्प बसेल. पण उद्या ही मला विसरली तर? मग मी भांडू कोणाशी?

तो तिला घेऊन संशोधन केंद्रात गेला.

केंद्र एका पोकळ वडात होतं. बाहेर पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत.' जंगलात कोणी पादत्राणं घालत नव्हतं. पण पाटी नसेल तर केंद्र कसलं? आत डॉक्टर पिंगळे बसायचे. जातीचे घुबड, आणि काम मात्र दिवसा. त्यामुळे डोळे कायम अर्धे मिटलेले. लोकांना वाटायचं, विचार करतायत.

"या आजाराचं कारण डिंक," पिंगळे म्हणाले. "म्हातारपणी डोक्यात डिंक साचतो. आठवणी त्याला चिकटतात. बाहेर येत नाहीत."

"आणि डिंक आहे हे कसं कळतं?"

पिंगळ्यांनी सुतारपक्ष्याला बोलावलं. त्यानं हौसाच्या डोक्यावर चोच मारली. ठक, ठक, ठक. कान लावला. "आहे डिंक."

"मेल्या, डोकं फोडतोस का?" हौसा म्हणाली.

"माझंही बघ," गेनबा म्हणाला.

ठक, ठक. "तुमच्यात तर दुप्पट आहे."

"मला तर सगळं आठवतं! गेल्या शिमग्याला तू माझ्या फांदीला भोक पाडलंस, तेही आठवतं."

"तुम्ही अपवाद," पिंगळे म्हणाले. "अपवादांची वही वेगळी आहे."

ती वही कोपऱ्यात होती. मूळ वहीच्या तिप्पट जाड होती. पिंगळे तिच्यावर बसायचे.

"पण औषध आहे ना?"

"आहे तर. उंदरांवर फार छान चाललंय."

"उंदरांना होतो हा आजार?"

"छे! होत नाही, हीच तर अडचण. म्हणून आधी त्यांच्या डोक्यात बाभळीचा डिंक भरतो. मग तो काढतो. शंभरातले शंभर बरे."

पिंजऱ्यातला एक लठ्ठ उंदीर हळूच गेनबाला म्हणाला, "माझी ही बरं व्हायची सव्विसावी वेळ, काका. दाणे वेळेवर मिळतात. बाहेर बोलू नका."

मग परीक्षा झाली. पिंगळ्यांनी भूर्जपत्र घेतलं. एकेक चौकोन, एकेक प्रश्न.

"आज वार कोणता?"

हौसानं गेनबाकडं पाहिलं. गेनबानं उंदराकडं पाहिलं. जंगलात वार कुणाला माहीत?

"जंगलाचा राजा कोण?"

"कोण का असेना! आम्हाला कुठं उंबर आणून देतो?"

पिंगळ्यांनी पूर्ण गुण दिले. मग त्यांनी गेनबाकडं पंख केला. "हे शेजारी बसलेत, यांचं नाव काय? दहा गुण."

हौसानं मान फिरवली. शेपटीचा गोंडा तोंडावर घेतला. "इश्श. भलतंच काय विचारता, डॉक्टर! समोर बसलेत ना हे."

"शून्य," पिंगळ्यांनी लिहिलं.

गेनबा उडालाच. "अहो, शून्य कसं? ओळखलं की तिनं! ओळखलं म्हणून तर नाव घेत नाही."

"चौकोनात लाजायला जागा नाही. नाव, नाहीतर शून्य."

त्या महिन्यात जंगलातल्या सगळ्या म्हाताऱ्या वानरी तपासल्या. सगळ्यांना शून्य. पिंगळ्यांनी साथ जाहीर केली. सिंहानं भाषण केलं. वाघोजीच्या बायकोला पुन्हा परीक्षेला बोलावलं, पुन्हा शून्य, आणि तिचा सत्कार परत घेतला.

औषध म्हणजे मुंग्या. लाल, शिकवलेल्या. एका कानातून आत जायचं, डिंक खायचा, दुसऱ्या कानातून बाहेर यायचं. हौसाच्या कानात मुंग्या सोडल्या. तिचं डोकं फणसाएवढं सुजलं.

"सूज आली म्हणजे औषध लागू पडतंय," पिंगळे म्हणाले.

"नसती आली तर?"

"तरी लागूच पडलं असतं."

दर महिन्याला मुंग्या, दर महिन्याला परीक्षा. सूज उतरली, विसरणं उतरलं नाही. लेक आता तिला पाहुणी वाटायची. पण पिंगळ्यांनी गेनबाकडं पंख केला की शेपटीचा गोंडा तोंडावर. "इश्श." शून्य. पिंगळ्यांचं तोंड पडायचं आणि गेनबा उड्या मारत घरी जायचा. त्याला शून्याची चटक लागली होती. येताना वाटेत तो तिला न मागता उंबर तोडून द्यायचा. चाळीस वर्षांत त्यानं हे केलं नव्हतं. केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही केलं.

असे सात महिने गेले. आठव्या महिन्यात पिंगळ्यांनी पंख केला. "हे शेजारी बसलेत, यांचं नाव काय?"

हौसानं गेनबाकडं पाहिलं. नीट पाहिलं, डोक्यापासून शेपटीपर्यंत. शेपटी तोंडावर घेतली नाही.

"यांचं होय? गेनबा," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "गेनबा म्हणतात सगळे. चांगले आहेत बिचारे. उंबरं देतात मला."

केंद्रात एकच दंगा. सुतारपक्ष्यानं वडावर ताशा वाजवला. उंदीर पिंजऱ्यात नाचले. पिंगळे इतके खुश झाले की त्यांचे दोन्ही डोळे उघडले. "दहापैकी दहा! बरी झाली! सात जंगलांना कळवा!"

गेनबानं डॉक्टरांचा पंख धरला. "डॉक्टर, ही मला विसरली."

"काय बोलता? नाव घेतलं तिनं!"

"म्हणून तर."

पिंगळ्यांनी भूर्जपत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. उलटून पाहिलं. "असा चौकोन नाही आमच्यात," ते म्हणाले आणि अभिनंदन करून आत गेले.

दोघं घरी निघाली. हौसा पुढं, गेनबा मागं.

"गेनबा, जरा लांबून चाला," हौसा म्हणाली. "आमचे हे फार संशयी आहेत. बघितलं तर झाड डोक्यावर घेतील."

गेनबा चार फांद्या मागं सरला. "कुठं गेलेत तुमचे हे?"

"उंबरं आणायला गेलेत. आणतील किडकी. चाळीस वर्षं झाली, एक धड उंबर आणलं नाही मेल्यांनी."

"उंबरात किडा असतोच!" गेनबा ओरडला. सवयीनं ओरडला. मग लाजला. मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, "हौसाबाई, तुमच्या ह्यांचं नाव काय हो?"

हौसा थांबली. मान फिरवली. शेपटीचा गोंडा तोंडावर घेतला.

"इश्श," ती म्हणाली. "भलतंच काय विचारता, गेनबा!"

गेनबानं तिला तिथंच फांदीवर बसवलं आणि तो म्हातारा, गुडघे कुरकुरत असताना, सगळी झाडं ओलांडत केंद्रात परत गेला. "डॉक्टर! आहे! तिच्यात मी आहे! तिनं नाव नाही घेतलं!"

पिंगळ्यांचे डोळे पुन्हा अर्धे मिटले. त्यांनी दहा खोडून शून्य लिहिलं. खाली शेरा मारला, 'आजार उलटला.' आणि मुंग्यांना हाक मारली.

"मुंग्या तुमच्या कानात घाला," गेनबा म्हणाला आणि निघाला. त्याला घाई होती. बायको फांदीवर नवऱ्याची वाट बघत होती.

आता तो रोज सकाळी उंबरं घेऊन येतो. प्रत्येक उंबर फोडून, किडा काढून. चार फांद्या लांब बसतो. ती खाते, नवऱ्याला शिव्या देते, आणि म्हणते, "गेनबा, तुमच्यासारखं त्यांना जमायला हवं होतं." तो मान हलवतो. मग नाव विचारतो. ती शेपटी तोंडावर घेते. मग तो उठतो आणि दिवसाच्या कामाला लागतो.

तात्पर्य : पोरांनो, चौकोनात जे मावत नाही ते नसतंच, असं धरून चाला, म्हणजे कुठलंही संशोधन अडत नाही. आणि म्हातारपणी कोण आपलं ते आठवेनासं झालं तर माणसाला विचारत बसू नका, कागदाला विचारा. कागद कधीच काही विसरत नाही, कारण त्याला मुळात काही ठाऊकच नसतं.