वर पुऱ्या, खाली पाहुणे

मेहुणीच्या, प्रियांकाच्या साखरपुड्यात जेवणाची जबाबदारी प्रफुल्लने स्वतःहून मागून घेतली होती. सासरे त्र्यंबकराव आजवर जावयाला मिक्सर दुरुस्तीपलीकडचं काम देत नसत. आज त्यांचं मत बदलायचंच, म्हणून डोंबिवलीच्या त्या दुमजली हॉलमध्ये दोन्ही मजल्यांवर बुफे मांडून तो छाती पुढे काढून उभा होता. ठाण्याच्या नर्सिंग कॉलेजात शरीरशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शंभर पाहुणे जेवू घालणं म्हणजे काय मोठंसं!

दुपारी एकला वरच्या पुऱ्या संपल्या. खाली मात्र पराती भरलेल्या आणि माणसं मोजकी.

"एकदम सोप्पंय," तो बायकोला, स्वप्नाला म्हणाला. "फुप्फुसात ज्या भागात हवा पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त हवा असेल तिकडे वळतं. पाहुणे म्हणजे रक्त, पुऱ्या म्हणजे हवा. वरचे सगळे खाली!"

"अरे, आधी सुदेशला विचार तरी!"

पण विचारतोय कोण! ऐंशी माणसं रिकाम्या ताटल्या घेऊन जिना उतरली. इकडे केटरर सुदेशचा वीस वर्षांचा नियम एकच, गर्दी तिथे पराती. वरची गर्दी बघून त्याने खालच्या सगळ्या पराती नेमक्या तेव्हाच लिफ्टने वर चढवल्या होत्या. खाली आलेल्यांचं स्वागत लोणच्याच्या वाडग्याने केलं.

प्रफुल्ल डगमगला नाही. "चला मंडळी, वर चला!" त्याने सगळ्यांना पुन्हा जिन्याला लावलं. तोवर खाली गर्दी झाल्याचं कळून सुदेश परातींसकट लिफ्टमध्ये शिरला होता.

तिसऱ्या फेरीला नवऱ्या मुलाचे वडील जिन्यातच थांबले. "पुरी नक्की कुठल्या मजल्यावर आहे, एकदा सांगून टाका ना!" त्यांच्या मागे त्र्यंबकराव होते, चेहरा लालबुंद.

तेवढ्यात पुऱ्या तळणाऱ्या हौसाबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "अवो, त्यो पराती हलवतो, तुमी मानसं हलवताय. दोघं बी एकदम पळाल्यावर गाठ कशी पडायची?"

प्रफुल्ल ओशाळला. जिथे रक्त कमी, तिथल्या हवेच्या नळ्याही आक्रसतात, हे तो दरवर्षी फळ्यावर लिहीत होता. जुळवून दोन्हीकडूनच घेतात, पण थोडं थोडं. फुप्फुस एका दमात अख्खा मजला रिकामा करत नाही.

"सुदेश, निम्म्या पराती वर, निम्म्या खाली! मंडळी, दहा-दहा जण उतरा!"

पंधरा मिनिटांत दोन्ही मजल्यांवर तोंडं चालू लागली. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी तर पुऱ्या दोनदा मागून घेतल्या.

अडीचला हॉल रिकामा झाला. त्र्यंबकराव प्रफुल्लशेजारी येऊन बसले. "जमवलंत हो प्रफुल्लराव! पुढच्या कार्यालाही तुम्हीच बघा. पण मघापासून तुमचं ते फुप्फुस ऐकतोय, म्हणून विचारतो. सगळ्या रक्ताला हवा मिळतेच का?"

"नाही, बाबा," प्रफुल्ल खुलला. "थोडं रक्त हवा न घेताच परत जातं. धडधाकट माणसातसुद्धा. त्याने काही बिघडत नाही."

"हां, मग ठीक आहे," सासरे उठत म्हणाले. "कारण तुमचं जेवण राहिलंय, आणि पराती धुवायला गेल्या."