मिथेनची गुणवत्ता यादी

आमचा तुलना कक्ष त्र्याण्णवच्या भूकंपानंतर उदगीरला एका पत्र्याच्या शेडमध्ये स्थापन झाला. पडलेल्या भिंतींची उभ्या भिंतींशी तुलना करणे हे त्याचे काम. कक्ष तात्पुरता होता, त्यामुळे दहा वर्षे झाली तरी तो बंद करण्याचे अधिकार कोणाकडेच नव्हते. मी तिथला अव्वल कारकून. माझ्या कामात कधी चूक निघाली नाही, कारण काम निघाले नाही.

२००३च्या मे महिन्यात ते निघाले. गेल्या दहा वर्षांत वाहतुकीतून बाहेर पडलेल्या मिथेन वायूबाबत भारताची डेन्मार्कशी तुलना करावी, भारतातर्फे नमुना म्हणून एक वाहन तपासावे, मात्र ते वाहन १९९३ सालीही रस्त्यावर असले पाहिजे, असे पत्र आले. डेन्मार्कचे आकडे सोबत होते : आरंभी एकसष्ट, अखेरीस चव्वेचाळीस.

गावातल्या साऱ्या जीपगाड्या क्लासेसची पोरे वाहण्यासाठी अलीकडेच घेतलेल्या. आमच्या दप्तरात त्र्याण्णवचे एकच वाहन सापडले : भूकंपग्रस्तांसाठी धान्य नेणारी किशनरावांची बैलगाडी. किशनराव जवळच्याच खेड्यातले. त्याच दिवशी ते हरभरा विकायला मोंढ्यात आले होते. कक्षप्रमुख चन्नबसप्पा साहेबांनी गाडी मोकळी केली आणि दोन्ही बैल शासकीय कामी ताब्यात घेतले.

तपासणीला पीयूसीवाल्या नासिरला बोलावले. त्याने सवयीप्रमाणे नळी मागच्या बाजूने नेली आणि लाथ खाल्ली. बैलाचा मिथेन बहुतांशी ढेकरेतून येतो, हे आम्हाला क्लासवाल्या वर्षाराणी मॅडमनी सांगितले. मॅडमकडे बारावीची तीनशे पोरे होती आणि आकड्यांच्या बाबतीत साऱ्या तालुक्याचा त्यांच्यावर विश्वास होता. नळी तोंडाशी धरली, बैल ढेकरला, आकडा आला अडतीस. १९९३च्या रकान्यात मी ‘भूकंपामुळे निरंक’ असे लिहिले.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि त्यांचे डोळे लकाकले. डेन्मार्क दहा वर्षांत सतरा गुणांनी घसरला होता, आपण शून्यावरून अडतीसवर गेलो होतो. आणखी फक्त सात मिळाले की पहिला नंबर आपला. साहेबांना तर हुंदकाच आला.

“साहेब, माझ्या दुकानात आकडा कमी आला की गाडी पास करतेत,” नासिर म्हणाला.

साहेबांनी त्याचे शिक्षण विचारले. तो सातवी नापास निघाला. मुद्दा तिथेच संपला.

बैलांची क्लासच्या अंगणात खास बॅच सुरू झाली. पहाटे वैरण, दुपारी वैरण, संध्याकाळी सराव चाचणी. किशनराव रोज येऊन दारात उभे राहत. गावाकडे सगळ्यांची पेरणीची तयारी झाली होती आणि त्यांच्या दावणीला एक शेपूट उरले नव्हते.

“मॅडम, मिरग आठ दिसावर आलाय. बैल न्हाई तर तिफण मी वढू का?”

“ऐन परीक्षेत लेकरू घरी नेता का, काका?” मॅडम मायेने म्हणाल्या.

बैलांना एकाहत्तर मिळाले. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर गंध लावलेले दोन बैल होते आणि खाली मॅडमचा नंबर. पालकांची रांग क्लासपासून वेशीपर्यंत गेली.

मग वरून उत्तर आले. डेन्मार्क उत्तीर्ण होता. आमचे वाहन अतिप्रदूषक ठरले होते, आणि आकडा चव्वेचाळीसच्या खाली येईपर्यंत ते रस्त्यावर आणू नये, असा आदेश होता. किशनरावांचे शेत तर रस्त्याच्या पलीकडे. साहेबांनी मॅडमना गुण कमी करून मागितले. आपल्याला या क्षेत्रातला अनुभव नाही, असे मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितले.

किशनराव बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मला त्यांच्याकडे पाहवेना. तेवढ्यात नासिर यंत्र घेऊन आला. त्याने नळी बैलापासून चार हात लांब, मोकळ्या हवेत धरली.

“आकडा शून्य आला, काका. हे घ्या सर्टिफिकेट. बैल न्या.”

“पैसे?”

“माझ्याकडं सगळ्या गाड्या अशाच पास व्हतेत. बैलाचे काय पैसे घ्यायचे?”

बैल गेले, पेरणी साधली. फ्लेक्स मात्र कोणी उतरवला नाही. पालकांची रांग अजून वाढतेच आहे. परवा मी एकाला सांगितले की हे एकाहत्तर ढेकरांचे आहेत. तो म्हणाला, असू द्या, पण एकाहत्तर आहेत ना?

तुम्ही हसलात. हसा. पण शेजारच्या पोराला ब्याण्णव मिळाले असे परवा ऐकलेत, आणि घरात येऊन आपल्या पोरावर ओरडलात. ते ब्याण्णव कशाचे होते, हे विचारले होते का?