एकगाली कुऱ्हाड

वसंत तांब्यांच्या नावडे गावातल्या खोलीत समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली ओळीने अकरा कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. नवा माणूस आत आला की आधी तसबिरीला हात जोडायचा, मग त्याची नजर खाली जायची आणि तो जोडलेल्या हातांनीच दाराकडे सरकायला लागायचा. एक विमा एजंट तर चपला न घालताच गेला. "मी पॉलिसी घ्यायला तयार होतो हो," तांबे मला सांगत होते, "पण तो थांबलाच नाही."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तळोज्याच्या एका फोर्जिंग कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला. मी टाइम ऑफिसात कारकून, ते मालाचे तपासनीस. सहा दिवस लोखंड तपासायचं आणि रविवारी सुट्टी म्हणून कळंबोलीच्या बाजारात जाऊन भंगारातलं लोखंड उपसायचं, असा त्यांचा आराम. गावोगावच्या त्या भंगारात एखादी गंजलेली, बिनदांड्याची जुनी कुऱ्हाड मिळाली की ते ती तिथल्या तिथे शर्टाला पुसायचे. शर्ट कायम पांढरा असायचा. भंगारवाले त्यांना 'कुल्हाडी सेठ' म्हणत आणि ते लांबून दिसले तरी हाका मारत.

"गाल बघा, कदम, गाल!" हे त्यांचं पालुपद. पात्याच्या दोन बाजू म्हणजे कुऱ्हाडीचे गाल. धारेचं कौतुक केलेलं त्यांना खपत नसे. "धार कोणीही लावतो हो. कुऱ्हाडीचा स्वभाव गालात असतो."

मग एकेक कुऱ्हाड खाली उतरायची. "ही पातळ गालांची. झाड तोडायला. खोल शिरते. पण हिने ओंडका उभा फोडायला जाल तर अडकून बसेल. आता ही बघा, फुगीर गालांची. शिरते कमी, पण शिरली की लाकूड दोन्हीकडे ढकलते. जळण फोडायला हीच. आणि ही रुंद, चंद्रकोरीसारखी, ती लढाईतली. हलकी, कारण दिवसभर हवेत फिरवायची. हिने बाभूळ तोडायला गेलात तर बाभूळ तशीच राहील, धारेचे तुकडे पडतील."

माणसंही त्यांनी याच हिशेबाने लावली होती. आमचे मॅनेजर फुगीर गालांचे: "कापत नाहीत, फोडतात." युनियनचे सेक्रेटरी लढाईतले: "चमकतात छान. लाकूड काही निघत नाही." मी कसा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून मी त्यांना बरोबर नेलं. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. तेवढ्यात तांबे जोरात म्हणाले, "वा! गाल काय सुंदर आहेत!" मुलीच्या वडिलांच्या हातातला चमचा तसाच राहिला. तांब्यांची नजर तिच्या मागे, दाराच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या कुऱ्हाडीवर होती. लग्न झालं आमचं. ते कौतुक आपलंच होतं असं माझी बायको अजून समजते आणि मी तिला समजू दिलंय.

स्वतः तांबे मात्र एकटे. त्यांना लग्नाचं विचारलं की ते दांडा कोणत्या लाकडाचा असावा यावर बोलायला लागत.

आमच्या कारखान्यात बाळाराम भोईर म्हणून क्रेन चालवणारा होता. कोपरखैरण्याच्या बाजूला खाडीकाठी त्याचं गाव. त्याने नवं स्लॅबचं घर बांधलं. त्याच्या घरात पंजोबांची एक रुंद कुऱ्हाड होती, आणि पंजोबांनी ती घेऊन किल्ल्यावर लढाई मारली, असं घरातले पुरुष सांगत. बाळारामने तिच्यासाठी हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलं आणि वास्तुशांतीला तांब्यांना बोलावलं. "साहेब, तुमी फक्त चार मान्सांत बोला, लराईतली हाय म्हनून."

मी बरोबर होतो. हॉल पाहुण्यांनी भरलेला. तांब्यांनी कुऱ्हाड घेतली, शर्टाला पुसली आणि नव्या लादीवर आडवी ठेवली. ती अगदी चिकटून बसली. उलटी करून ठेवली तर डुगडुगली.

"बाळाराम, ही लढाईतली नाही."

"म्हंजे?"

"हिचा एक गाल सपाट आहे. एकगाली म्हणतो मी हिला. सपाट बाजू लाकडाला लावायची आणि तासत जायचं, म्हणजे लाकूड गुळगुळीत होतं. दांडा बसवायचं हे भोक बघ, तिरकं आहे. दांडा बाहेर झुकतो, त्यामुळे बोटं लाकडावर घासत नाहीत. तुझे पंजोबा फळ्या तासत होते. खाडीवर राहायचे, म्हणजे होड्या बांधत असतील."

मागे कोणीतरी हसलं. बाळारामचा चेहरा लाल झाला. "तांबेसाहेब, घरी बोलवून माजी इज्जत काढता काय?"

मी तांब्यांची बाही ओढली. पण ते कसले थांबतात! "अजून एक आहे. हिचा सपाट गाल नेहमीच्या उलट बाजूला आहे. तुझे पंजोबा डावखुरे होते."

बाळाराम पुढे सरसावला. तेवढ्यात कोपऱ्यातून त्याच्या आजीचा आवाज आला. "डावराच व्हता त्यो. माजा सासरा."

सगळे वळले. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. "डावे हातान काम करी, म्हनून लोक हसाचे त्याला. पन त्याचे होरीन कवा पानी शिरलं नाय. ते किनाऱ्याच्या सगल्या होऱ्या त्याचे हातच्या. लराई तुमी पोरांनी काढली. मना कोनी इचारलं नाय."

बाळारामने कुऱ्हाड उचलली, क्षणभर बघितली आणि आजीच्या मांडीवर नेऊन ठेवली. मग तिच्या पायाशी बसला. ती बोलत राहिली. कोणती होडी कोणाची, कोणत्या होडीतून कोणाची वरात गेली. जेवणाची पानं वाढून झाली तरी कोणी उठेना.

जेवल्यावर आम्ही मागच्या बांधावर हात धुवायला गेलो. बाळारामची बायको सुरेखा म्हशीसाठी गवत कापत होती. विळा डाव्या हातात, आणि उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"बोट नेहमी कापतं?" तांब्यांनी विचारलं.

ती हसली. "मीच धांदरट. सगली बोलतान."

परतीच्या एसटीत अर्धा रस्ता गेल्यावर तांबे खिडकीकडे बघतच म्हणाले, "कदम, माझी आई डावखुरी होती. दुसऱ्यांच्या शेतात कापणीला जायची. बोटं कायम चिरलेली. बरोबरच्या बायका म्हणायच्या, हिला काम येत नाही. एकदा मीही म्हणालो. तिच्या तोंडावर."

कंडक्टर आला, मी दोघांची तिकिटं दाखवली.

"इथे नोकरीला लागल्यावर भंगारात अशीच एकगाली मिळाली. हातात फिरवून बघत होतो आणि एकदम उमगलं. विळ्यालाही दाते एकाच बाजूने असतात, उजव्या हातासाठी. डाव्या हातात धरला की पातं गवत धरलेल्या बोटांवर येतं. आईचं काही चुकत नव्हतं हो. विळा उलटा होता."

"मग सांगितलंत त्यांना?"

"डाव्या हाताचा विळा करून घेतला एक. घेऊन निघणार तर आई गेल्याची तार आली. पुण्यानुमोदनाला पोचलो आम्ही, मी आणि तो विळा."

पुढच्या रविवारी ते कळंबोलीला गेले नाहीत. मला घेऊन बाळारामच्या गावी गेले. पिशवीतून जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेला विळा काढला आणि काही न सांगता सुरेखाच्या पुढे धरला.

तिने तो डाव्या हातात घेतला, वाकून एक मूठ गवत कापलं. मग दुसरी. थांबली, उजव्या हाताची बोटं उलटसुलट करून बघितली. आणि मग जी सुरू झाली ती बांधाच्या कडेकडेने पुढे पुढेच गेली. बाळारामने घरातून चहाला दोनदा हाक मारली, तिला ऐकूच गेली नाही.

तांबे चिखलात उभे होते. मी घड्याळ बघितलं, म्हटलं, "निघायचं का? एसटी जाईल."

"थांबा हो जरा," ते तिच्यावरची नजर न काढता म्हणाले, "अजून गवत आहे."